शेपूचे तीन घास

पोरीला सगळ्या भाज्या आवडाव्यात म्हणून मी घरात नियम केला. दर बुधवारी कोपरीच्या बाजारात भाजी तिने निवडायची आणि जेवताना तीन घास खाल्ल्याशिवाय कुणीही ‘नको’ म्हणायचं नाही. सुरण, कारलं, लाल माठ, पोरगी मुकाट खात गेली. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

गेल्या बुधवारी तिने शेपूची जुडी उचलली. शेपूच्या नुसत्या वासाने मी लहानपणापासून ताटावरून उठतो.

“हिला कुणी सांगितलं?” मी जेवताना भडकलो. माझी आई भात कालवत राहिली.

“बाबा, तीन घास,” पोरगी म्हणाली.

नाक दाबून मी तिन्ही गिळले.

“एवढं सोपं होतं होय!” आई म्हणाली. “मी उगाच इतकी वर्षं लाटणं दाखवत होते.”