बेंबीपर्यंत आलेली माळ

परवा उदगीरच्या बाजारात औषधी झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची काविळीची माळ दिसली आणि तिच्या कडू वासानं ते दुष्काळी वर्ष आठवलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आमच्या गावाला मात्र नदीच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणीच होतं. त्या पाण्यानं मला आणि माझ्या धाकट्या जावेला एकदमच कावीळ झाली. सासूनं उदगीरच्या माळवालीकडून माळा आणून दोघींच्या डोक्यावर ठेवल्या. माळ लांबत गळ्यात, मग बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली, असं धरायचे. मी बरी झाले. जाऊ गरोदर होती, ती उठेना. "मोठी कामाला लागली, तुझीबी माळ बेंबीला आली. नाटकं करायलीस का? उचल घागर," सासू म्हणाली. जाऊ झिऱ्यावरच कोसळली आणि पोटातल्या लेकरासकट गेली. नंतर गावात काविळीची साथ बघायला आलेला लातूरचा डॉक्टर म्हणाला, "कावीळ बरी करते ती अंगातली ताकदच. गरोदरपणी तीच ताकद लेकराला धक्का नको म्हणून दबकून राहते. माळ तर वाळली की लांबतेच, आणि यंदा ऊन काय कमी आहे?" सासूनं त्यालाच विचारलं, "मग मोठी कशानं वाचली?" पुढं मरेपर्यंत तिनं मला दारात उभी करून काविळीच्या बायांना दाखवलं. परवा बाजारात त्याच, आता म्हाताऱ्या झालेल्या माळवालीनंही मला ओळखलं आणि समोरच्या गरोदर पोरीला म्हणाली, "ही बघ, माझ्या माळेनं जगली."