छतातला गारवा

नव्या ऑफिसातला एसी बंद आहे अशी तक्रार मी साहेबांकडे केली, तेव्हा तो चांगला चालू होता.

जुन्या ऑफिसात एसीच्या जाळीला मी लाल रिबन बांधली होती. ती फडफडली की मला गार वाटायचं. इथे जाळीच नाही. छताच्या पत्र्यामागे नळ्या आहेत, त्यांतून थंड पाणी फिरतं आणि आपल्या अंगातली उष्णता छत गुपचूप ओढून घेतं. ना घरघर, ना झोत. मी छतालाच रिबन चिकटवली. ती ढिम्म लोंबत राहिली आणि तिच्याकडे बघून मला घाम फुटला. शेवटी टेबलावर चढून छताला हात लावला, तर माठासारखं गार.

मग इतकी वर्षं मला गार कशानं वाटत होतं? वाऱ्यानं की रिबनीनं? काही माणसं नुसती खोलीत असली तरी बरं वाटतं, आणि ते कळतं ती उठून गेल्यावर. छताचंही तसंच असेल का?

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "तुमच्या तक्रारीमुळे साहेब उद्या झोतवाला एसी बसवतायत. जुन्या एसीखाली शाल गुंडाळून बसूनही माझी मान आखडली होती, ती आत्ता कुठे वळायला लागलीय."

"पण बाई, मला नक्की गार वाटतंय की नाही, तेच कळेना."

"तुम्हाला कधी काय कळलंय? आधी तक्रार मागे घेऊन या, मग हवं तेवढं गोंधळून बसा."