दीड अध्याय

“बाई, जीभ जड होऊन राह्यली. थांबू काय?” नामदेवने विचारलं.

मी म्हटलं, “अध्याय अर्धा टाकू नये. वाच.”

तो वाचू लागला. शब्द अडखळत होते, पापण्या मिटत होत्या. मी रागावले, देवाची पोथी समोर ठेवून पेंगतोस काय म्हणून. मग त्याची मान पोथीवर पडली...

नामदेव माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन दीड महिना झाला. मूल या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या गावात आम्ही तलावावर मासे धरणारे, थोडं धान लावणारे. मी चौथी शिकले, तो सातवी. बापामागे त्याने पोथी हाती घेतली, तेव्हा लोक म्हणाले, हाताला मासळीचा वास अन् पुराण वाचतो. तो म्हणाला, “पोथीले नाक नाई.” पुढे तेच लोक श्रावणात आमच्या ओसरीवर बसायचे. अलीकडे कोणी येत नव्हतं. तो वाचायचा, मी ऐकायची. सुरू केलेला अध्याय संपल्याशिवाय वाचणाऱ्याने उठायचं नाही, हा बापाचा नेम. तो नेम माझ्यापेक्षा जास्त कोणी पाळला नाही.

त्या संध्याकाळी बसायचा पाट त्याने कोपऱ्यातून ओढला आणि म्हणाला, बोटाला काहीतरी टोचलं. मी बोट पाहिलं. सूज नाही, रक्त नाही. काडी लागली असेल, म्हटलं, बस. मण्यार साप चावला तर फारसं दुखत नाही, नुसत्या पापण्या जड होतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

शेजाऱ्याच्या ऑटोतून त्याला मूलला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला? माझ्या तोंडून निघालं, “दीड अध्याय.” त्यांना काही कळलं नाही. लवकर आणायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. तासाभरात नामदेव गेला.

भेटायला येणारे म्हणतात, पोथी वाचता वाचता मरण आलं, पुण्यवान होता. पुण्य कसलं? त्याने थांबू काय म्हणून विचारलं होतं.

पोथी लाल फडक्यात बांधून फडताळात ठेवली आहे. त्याचं डोकं पडलं त्या पानाचा कोपरा मुडपला आहे. जोडाक्षरं मला वाचता येत नाहीत, तेव्हा तो अध्याय आता अर्धाच राहणार. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. वाचणारा गेला. ऐकणारी जिवंत आहे.