पप्पा म्हणायचे ती चाल

मंडळी, आज सकाळी दौंडला पप्पांना माती दिली. मला अजून रडू आलेलं नाही. सगळ्यांना कळवायचंय, म्हणून लिहितेय.

पप्पा चर्चच्या क्वायरमध्ये बेस म्हणायचे, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. गीताची चाल बाकीचे गायचे, पप्पा त्याखाली दोन-तीन सुरांवरच फिरत राहायचे. घरी दाढी करतानाही तेवढंच.

आज कबरीपाशी क्वायरनं त्यांचं आवडतं जुनं गीत म्हटलं. क्वायरमध्ये आता सहाच जण उरलेत, त्यांत बेस कुणी नाही. चांगलं म्हटलं त्यांनी. मी मात्र परक्या कार्यक्रमाला आल्यासारखी उभी होते.

शेजारी न्हावरे गावचे आबा होते. साखर कारखान्यात त्यांनी पप्पांच्या शेजारी उभं राहून नोकरी केली. चर्चला कधी आले नाहीत. ते हळूच म्हणाले, "पोरी, ह्यांची चाल चुकली का गं? तुझा बाप तर असं म्हणायचा." आणि त्यांनी गुणगुणून दाखवलं. हुबेहूब पप्पांचं.

मी म्हटलं, "आबा, खरी चाल हीच आहे. पप्पा फक्त खालचं म्हणायचे."

"व्हय? म्हंजी येवढी वर्सं मी अर्धंच गाणं ऐकलं म्हण की."

शेवटचं कडवं आबांनी पप्पांच्या सुरात म्हटलं. शब्द येत नव्हते, नुसतं "हं हं" करत. क्वायरमधल्या मावशींनी वळून पाहिलं, पण कुणी थांबलं नाही. तेव्हा कुठं मला ते गीत ओळखू आलं.

एक विचारायचं होतं. दौंडच्या आसपास बेस म्हणणारं कुणी आहे का? जागा रिकामी आहे.