बिनआवाजाचा पीसी

रवींद्र भागवत म्हणजे बल्ब बदलायचा झाला तरी आधी कागदावर यादी करणारा माणूस. सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत बावीस वर्षं सर्व्हर सांभाळले की बहुधा असंच होत असावं. अडचण आली की कारण शोधायचं, उपाय करायचा, चाचणी घ्यायची. त्याची बायको संजीवनी याला 'तुझी ऑफिसगिरी' म्हणायची. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये तिला जाऊन नऊ महिने झाले, आणि या नऊ महिन्यांत रवींद्र एकदाही रडला नव्हता.

रडू यावं असं त्याला फार वाटायचं. तेरा दिवस महाराष्ट्र मंडळातल्या बायका डबे घेऊन येत होत्या, पुरुष पाठीवर हात ठेवून जात होते आणि हा सगळ्यांना 'बसा ना, चहा टाकू का' विचारत होता. चौदाव्या दिवशी तो ऑफिसला गेला. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर लागतो ना, तसे त्याला आपण अख्खेच बधिर लागत होतो. जेवण जात होतं, झोप येत होती, काम होत होतं. याचीच त्याला लाज वाटायची, पण ही लाज सांगायची कुणाला?

घरात दुसरं माणूस एकच, मुलगी जाई. वय अठरा, जन्म इथलाच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती शिकायला एडिनबराला जाणार होती. क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक एकमेकांना फक्त जेवायच्या टेबलापाशी भेटत. एरवी जाईच्या खोलीचं दार बंद आणि दाराआड तिच्या गेम खेळायच्या पीसीची घरघर चालू. मशीन तगडं होतं, त्यातले तीन पंखे व्हॅक्यूम क्लीनरसारखे ओरडायचे.

ती जायच्या आधी आपण तिच्याबरोबर रोज थोडा वेळ एका खोलीत बसावं, एवढंच रवींद्रला हवं होतं. सरळ दारावर टकटक करून 'बाहेर ये गं, बसू जरा' म्हणाला असता तर काम झालं असतं. पण सरळ बोलेल तो रवींद्र कसला! त्याने यादी केली. अडचण: गेम खोलीत, टीव्ही हॉलमध्ये. उपाय: मोठं मशीन लांब कुठेतरी ठेवायचं, टीव्हीखाली एक छोटा पीसी बसवायचा, आणि मोठ्यावर चालणारा गेम वायरीतून छोट्याकडे आणून टीव्हीवर दाखवायचा. जाई सोफ्यावर बसून खेळेल, आपण दुसऱ्या टोकाला पेपर वाचू. कुणाला काही बोलायलाही नको.

सिम लिम स्क्वेअर या कॉम्प्युटरच्या बाजारातल्या एका दुकानात त्याने पोह्यांच्या डब्याएवढी पीसीची केस निवडली आणि पंख्याऐवजी नुसत्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर थंड होणारा प्रोसेसर मागितला. दुकानदार काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नो फॅन? सिंगापूर सो हॉट, यू नो."

"माय वाइफ डझन्ट लाइक द नॉइज," रवींद्र म्हणाला.

ते खरंच होतं. संजीवनी स्वतः सकाळपासून बोलत असायची, रेडिओ लावायची, पण रवींद्रच्या कॉम्प्युटरचा पंखा फिरला की तिचं डोकं उठायचं. आपण काय बोललो ते त्याला एस्कलेटरवर असताना कळलं. तेव्हाही आत काही हललं नाही. त्याने पावती पाकिटात ठेवली आणि घरी आला.

मोठं मशीन ठेवायला जागा एकच होती, बॉम्ब शेल्टर. युद्ध झालं तर लपायला म्हणून फ्लॅटमध्ये दिलेली ही जाड काँक्रीटची, लोखंडी दाराची खोली सगळे तांदूळ ठेवायला वापरतात. भागवतांच्या शेल्टरमध्ये तांदळाशिवाय मंडळातल्या बायकांचे अकरा डबे होते. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि त्यात काय घालून द्यायचं ते सांगणारी गेली होती. रवींद्रने डबे वरच्या फळीवर सरकवले. त्या भिंतींतून वायफाय येईना, भोक पाडायला परवानगी नाही, म्हणून त्याने चपटी वायर दाराखालून काढली. दार थोडं उघडं राहावं म्हणून रबराचा तुकडा लावला.

मग तो चाचणीला लागला. बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल व्हायला किती उशीर लागतो ते मोजत बसला. उशीर डोळ्यांना दिसत नव्हता, पण आकड्यात दिसत होता. वायर बदलली, टीव्हीची सेटिंग्ज बदलली. जुलै गेला. जाईने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत दोनदा विचारलं, "बाबा, डन ऑर नॉट?" आणि तो दोन्ही वेळा म्हणाला, "थोडंच राहिलंय."

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्याने गेमचा कंट्रोलर तिच्या हातात दिला. ती वीस मिनिटं खेळली. छोट्या पीसीचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"नो लॅग. थँक्स, बाबा," ती म्हणाली आणि उठून गेली.

रविवारी दुपारपर्यंत ती हॉलमध्ये फिरकलीच नाही. नक्की काहीतरी बिघाड आहे म्हणून रवींद्रने मोठ्या मशीनच्या नोंदी उघडल्या. कोणता गेम कधी खेळला गेला याच्या तारखा तिथे होत्या. कालची वीस मिनिटं सोडली तर शेवटची तारीख गेल्या सप्टेंबरची होती. संजीवनीला हॉस्पिटलमध्ये नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. मशीन मात्र तेव्हापासून रोज चालू होतं.

मशीन बघायला तो शेल्टरकडे गेला. जाई तांदळाच्या पोत्यावर, मशीनला लागून, भिंतीला टेकून बसली होती. हातात फोनसुद्धा नव्हता.

"जाई? इथे काय करतेस?"

"नथिंग."

"गेम..."

"आय डोन्ट प्ले ऑलरेडी, बाबा. सिन्स आई."

"मग हे रोज चालू का ठेवतेस?"

"फॅनसाठी." ती पंख्यांकडे बघत म्हणाली. "हाउस सो क्वाएट. आई नेहमी काहीतरी आवाज करायची ना. नाउ माय रूम ऑल्सो क्वाएट."

दोन महिने राबून आपण तिच्या खोलीतला तेवढा एक आवाज काढून घेतला, हे रवींद्रच्या ध्यानात आलं. तो लगेच खाली वाकला आणि वायरीला हात घातला.

"आत्ता परत खोलीत नेतो. दहा मिनिटं दे मला."

"बाबा, डोन्ट फिक्स लाह. बस ना."

तो तेलाच्या डब्यावर बसला. हाताला काही काम नव्हतं. तो म्हणाला, "मला रडूच येत नाही गं. अकरा महिने झाले. कधीकधी वाटतं, माझं तिच्यावर प्रेमच नव्हतं की काय."

जाईने त्याच्याकडे पाहिलं.

"मलापण नाही आलं," ती म्हणाली. "वन टाइम ऑल्सो नो. आय थॉट ओन्ली मी."

तिचं विमान आठ दिवसांवर होतं. संजीवनीच्या शेवटच्या दुपारी हॉस्पिटलमध्ये रवींद्र विम्याचे कागद करायला खाली गेला होता आणि वर जाई एकटी आईपाशी होती. त्या तासाभराबद्दल त्याने तिला कधी विचारलं नव्हतं.

"ती काय बोलली गं तुझ्याशी?" त्याने विचारलं.

जाई पोत्यावर थोडी सरकली, त्याला जागा करून दिली आणि सांगू लागली.