रेकॉर्डिंग लावलंच नाही

हे मी कोणालेच सांगतलं नाही, बायकोलेही नाही. तुमाले सांगून राह्यलो — काहून, ते मलेही माहीत नाही.

दिग्रसात मी जपानी शिकवतो. हसू नका! इथल्या पोरी तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर जातात, त्यासाठी आधी भाषेची परीक्षा पास व्हा लागते. मी स्वतः पुस्तकावरून शिकलो. वाचायले पक्का. पण कोणी जपानी माणूस बोलला की — कप्पाळ! काहीच कळेना.

सुनंदा माही सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. सकाळी दवाखान्यात आयाबाईचं काम, मंग एस्टीनं दुपारच्या क्लासले. जपानले जाईनच, हे तिनं मनात धरलं होतं. एक दिवस तिनं पुस्तकासोबतचं रेकॉर्डिंग मोबाइलात उतरवून आणलं. ओळीवर बोट ठेवायचं, आवाज चालेल तसं बोट सरकवायचं — आठ दिवस घरी हेच करत होती म्हणे. मंग तिनं अख्खा धडा त्या रेकॉर्डिंगमधल्या बाईच्या वेगानं बोलून दाखवला. इतकं गोड बोलली! अन् मले? मले अर्धंही समजलं नाही. सगळ्या पोरी माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या होत्या.

मी काय म्हणावं? म्हटलं, यानं गोंधळ होते, आधी वाचन पक्कं करा, ऐकवायले मी आहे ना. तिनं माह्यासमोर ते रेकॉर्डिंग काढून टाकलं — सर म्हणतात म्हणून. मंग वर्षभर मीच वाचून दाखवलं, बैलगाडीच्या चालीनं.

वाचनात तिले भरपूर गुण पडले. ऐकण्यात नापास. निकाल घेऊन आली अन् हळूच म्हणे, "सर, माह्या कानातच खोट हाये का?"

तवा तरी खरं बोलाचं होतं ना? मी म्हटलं, "असते एखाद्याच्या."

तिनं मान हलवली. पुन्हा परीक्षेले बसलीच नाही.

त्यानंतर मी दार लावून रोज पुस्तक उघडलं, आवाज लावला, ओळीवर बोट ठेवलं. पयल्या दिवशी मी दुसऱ्या शब्दावर, अन् बाई पुढच्या ओळीत. कैक महिने लागले. आता रेकॉर्डिंग लावल्याबिगर माहा क्लास सुरू होत नाही. पोरी पास होतात, पेढे आणतात. माह्या घशाखाली उतरत नाहीत ते.

सुनंदा अजूनही आयाबाईच आहे. मागच्या महिन्यात बसस्टँडवर भेटली, सोबत तिची लेक. लेकीले म्हणे, पाया पड, या सरनं माह्यासाठी भल्ली मेहनत घेतली, खोट माह्याच कानात होती. पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, अन् बसमध्ये चढलो.