अण्णांचं मत आणि माझं

मतदानाच्या दिवशी अख्खं बंगळूर सुट्टी साधून गावाला पळतं म्हणतात. मग आमच्या जे. पी. नगरच्या शाळेत एवढी रांग कुठून येते, देव जाणे. ऊन मी म्हणत होतं, माझी कंबर धरलेली, आणि हाताला अण्णा, म्हणजे माझे वडील. घरबसल्या मत देण्याची सोय आहे, ती घ्या म्हणून मी किती विनवलं. "मत काय कुरियरनं पाठवायचं असतं?" म्हणाले. संपलं.

अण्णांची नजर गेली, जीभ मात्र शाबूत. आम्हा बापलेकीचं राजकारणात कधी पटलंच नाही. त्यांचा एक पक्ष, माझा दुसरा. जेवताना इतके भांडायचो की आई ताटं उचलून न्यायची. एकदा तर ठरवलंच, आपली मतं एकमेकांना कापतात ना, मग दोघांनीही घरी बसायचं. दुपारी मी भाजीच्या निमित्तानं सटकले, तर रांगेत माझ्या पुढे अण्णा उभे. दोघंही लबाड. घर येईपर्यंत हसत होतो.

आत गेल्यावर अधिकाऱ्यानं कन्नडमध्ये समजावलं. दृष्टी नसलेल्या माणसासोबत एकाला जाता येतं, पण बटण त्यांच्याच इच्छेप्रमाणे दाबायचं आणि बाहेर वाच्यता करायची नाही. मी सही केली, उजव्या बोटाला शाई लावून घेतली. जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांचंच बटण आता मला दाबायचं होतं. चडफडत होते, पण दगा करायचा नाही हे घरून ठरवून आले होते.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांचं बोट धरलं आणि हळूच विचारलं, तुमचं नेहमीचंच ना? ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. तेव्हा ते माझ्या कानाशी वाकले. मी थोरली, म्हणून घरात मला सगळे अक्काच म्हणतात.

"अक्का, आपण कुणाला देतो गं?"

चेष्टा करतायत का म्हणून तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. बाहेरून अधिकारी स्वल्प, म्हणजे जरा, लवकर करा म्हणत होता. दोन्ही मतं माझ्या हातात होती आणि कुणाला, अगदी अण्णांनासुद्धा, कळलं नसतं. खरं सांगते, मोह झाला. पण मग भांडायचं कुणाशी? त्यांचं बोट त्यांच्याच चिन्हापाशी नेलं आणि दाबलं. यंत्र वाजलं तशी त्यांनी मान डोलावली.

नंतर मी माझं मत दिलं, नेहमीच्याच ठिकाणी. डाव्या बोटालाही शाई लागली.

रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाला दिलं मी?"

सही केलेली, तरी मी सांगितलं. त्यांचंच तर मत.

"आणि तू?"

"तुमच्या विरोधात."

"कापलंस," ते म्हणाले आणि खुदकन हसले. "मग सरी." 'ठीक'साठी त्यांच्या तोंडी कन्नड 'सरी'च येतं.

मला रडू येत होतं, पण रडायचंही त्राण नव्हतं. पुढच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी परत विचारलं, कुणाला दिलं मी. मी परत सांगितलं. 'आणि तू?' हे मात्र त्यांनी या वेळी विचारलं नाही. घर येईपर्यंत मी वाट बघत होते.